डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सहकुटुंब सुट्टी: आधी ओहोटीची वेळ, मग बाकी सगळं

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं पहिल्या उन्हाळ्यात समुद्रावर जायचं ठरवतात, तेव्हा हवामानाचा अंदाज दहा वेळा बघतात आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक एकदाही बघत नाहीत. पावसावर इलाज आहे, जाकीट घालायचं. पण ओहोटी संध्याकाळी साडेसातला असेल आणि तुम्ही मुलांना घेऊन दुपारी एकला खडपं (समुद्राकाठचे खडक) बघायला पोचलात, तर तिथे फक्त पाणी असतं. त्याला इलाज नाही.

म्हणून या लेखात सगळी आखणी ओहोटीभोवती केली आहे. जागा घेतली आहे दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातली: लाइम रीजिस, शेजारचं चारमथ आणि थोडं पूर्वेला वेमथ. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा सुमारे १५० किलोमीटरचा हा पट्टा 'जुरासिक कोस्ट' म्हणून ओळखला जातो आणि २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लहान मुलं, दहा-बारा वर्षांची मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा अशा सगळ्यांनाच इथे काही ना काही सापडतं. आजोबांना बाकडं आणि चहा, नातवंडांना एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वीचा शिंपला.

१. आठवडा निवडणं: कालनिर्णय काढा

भिंतीवरचं कालनिर्णय इथे खरोखर उपयोगी पडतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त मागे जातं. लाइम रीजिसला उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उन्हाळ्यात साधारण दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान येते. खडपं, जीवाश्म, वाळूवरचे खेळ यांसाठी याहून सोयीची वेळ नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटी सकाळी सात-आठला आणि पुन्हा तितक्याच वाजता संध्याकाळी, आणि पाणीही फारसं मागे जात नाही. पोहायला आणि बोटीत बसायला हे दिवस वाईट नाहीत, पण खडपं उघडी पडणार नाहीत.

कोकणातल्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपला हिशेब मुंबई-रत्नागिरीकडचा. इथे तो लागू होत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याला चंद्राच्या मागे राहण्याचं स्वतःचं अंतर असतं. तिथीवरून फक्त आठवडा ठरवायचा. रोजची वेळ वेळापत्रकातूनच घ्यायची.

शाळेची मुलं असतील तर दुसरी अडचण. इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, आणि या सहा आठवड्यांत भाडी चढलेली असतात. स्वस्त पडतं म्हणून शाळा चालू असताना मुलांना घेऊन जाऊ नका. परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडली तर दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड आहे, २१ दिवसांत न भरल्यास १६०. आई-वडील दोघे आणि मुलं दोन असली की गुणाकार तुम्हीच करा. मे महिन्याच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात दिवस मोठा असतो आणि गर्दी ऑगस्टपेक्षा कमी. पाणी मात्र गार.

२. राहणं आणि पोचणं

कुटुंबासाठी सगळ्यात परवडणारा पर्याय म्हणजे कॅराव्हॅन पार्कमधली 'स्टॅटिक कॅराव्हॅन': चाकांवरचं, पण जागचं न हलणारं छोटं घर. दोन किंवा तीन खोल्या, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी. आरक्षण बहुधा शुक्रवार ते सोमवार तीन रात्री, सोमवार ते शुक्रवार चार रात्री किंवा पूर्ण आठवडा असं मिळतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का (बऱ्याचदा नसतात), गॅस-विजेचे पैसे वेगळे का, आणि समुद्रापर्यंत पायी किती वेळ. 'समुद्र दिसतो' याचा अर्थ समुद्र जवळ आहे असा होत नाही. मध्ये दीडशे फुटांचा उतार असू शकतो, आणि आजींना तो परत चढायचा असतो.

स्वयंपाकघर मिळतं, तेव्हा कुकर आणि मसाल्याचा डबा बरोबर न्या. फोडणी करताना मात्र आधी पंखा लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा. कॅराव्हॅनमधला धुराचा अलार्म शेगडीपासून हाताच्या अंतरावर असतो आणि सुक्या मिरचीच्या एका फोडणीला तो सगळ्या शेजाऱ्यांना उठवतो. त्याची बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नव्हे. तेल कमी तापवा, मिरची शेवटी घाला.

रेल्वेने जायचं तर लाइम रीजिससाठी लंडन वॉटर्लूहून अ‍ॅक्समिन्स्टरला उतरा, पुढे बस. वेमथला वॉटर्लूहून थेट गाडी आहे. दोन्हीकडे अडीच ते तीन तास धरा. 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड काढलं तर मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांच्या तिकिटात ६० टक्के सूट मिळते. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात, पण त्या गटात किमान एक मूल हवंच. कार्डाचे पैसे लांबच्या एका फेरीतच बऱ्यापैकी वसूल होतात.

गाडीने जाणाऱ्यांनी ऑगस्टच्या शनिवारी ए-३०३ रस्ता टाळावा. स्टोनहेंजपाशी तो एकपदरी होतो आणि दगड बघायला प्रत्येक गाडी थोडी हळू होते. लाइम रीजिस हे उताराचं गाव आहे. गाडी वरच्या वाहनतळावर लावून खाली चालत यावं लागतं, म्हणून बाबागाडीचे ब्रेक आधी तपासा. वाहनतळाचे पैसे बहुतेक ठिकाणी ॲपवर भरतात. ॲप घरूनच उतरवून गाडीचा नंबर भरून ठेवा, कारण तिथे पोचल्यावर नेमकं नेटवर्क रुसतं.

३. आदल्या रात्रीचं काम

बीबीसीच्या हवामान विभागात किंवा ब्रिटिश जलसर्वेक्षण खात्याच्या 'ईझीटाइड' या मोफत संकेतस्थळावर लाइम रीजिस शोधा आणि चार आकडे कागदावर लिहा: दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज वापरू नका.

इथे एक चूक हमखास होते. काही वेळापत्रकं, विशेषतः दुकानात मिळणारी छापील पुस्तिका, ग्रिनिच वेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून त्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. पानाच्या वर कुठली वेळ वापरली आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग दिवसाचं गणित सोपं आहे. ओहोटी दुपारी दीडला असेल तर साडेअकरा-बाराला किनाऱ्यावर उतरा, मागे जाणाऱ्या पाण्यामागोमाग पुढे जा, आणि पाणी वळलं की परत फिरा. लाइम रीजिस ते चारमथ किनाऱ्याने चालत जायचं असेल तर हा नियम मोडूच नका. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला चढतं पाणी आणि मध्ये वर जायला वाट नाही, असे लोक तिथे अडकतात.

४. जीवाश्म शोधणं

हा या किनाऱ्याचा खरा खजिना, म्हणून थोडं सविस्तर.

मेरी अ‍ॅनिंग ही सुताराची मुलगी १७९९ मध्ये लाइम रीजिसला जन्मली. १८११-१२ मध्ये, ती बारा वर्षांची असताना, तिने आणि तिच्या भावाने इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा इथल्या कड्यातून मिळवला. पुढे १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा पूर्ण सांगाडा सापडला. तिचं घर होतं तिथेच आज गावाचं संग्रहालय आहे. मुलांना आधी ते दाखवा, म्हणजे काय शोधायचं ते डोळ्यांत बसतं.

शोधायला नवख्यांनी चारमथला जावं. तिथे 'चार' नावाच्या नदीच्या मुखापाशी वाहनतळ आहे आणि शेजारी 'हेरिटेज कोस्ट सेंटर'. प्रवेश मोफत. तिथले जाणकार पैसे घेऊन दोनेक तासांची शोधफेरी नेतात. पहिल्या दिवशी तीच करा, आणि सुट्टीच्या दिवसांत आरक्षण आधी करा, कारण जागा भरतात.

स्वतः शोधताना:

कड्यापासून लांब राहा. इथले कडे मऊ चिखलाच्या दगडाचे आहेत. ते कोसळतात म्हणूनच जीवाश्म बाहेर पडतात, आणि कधी कोसळतील याचा नेम नसतो, पावसानंतर तर नाहीच. कड्याच्या पायथ्याशी घरंगळलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुततो. लोकांना बाहेर काढायला तटरक्षकांना बोलवावं लागतं. तुमची जागा पाण्याच्या बाजूला, मोकळ्या गोट्यांत.

हातोडीची गरज नाही. घरातली खिळे ठोकायची हातोडी तर नेऊच नका, तिचे कपचे डोळ्यांत उडतात. मुलांनी गुडघ्यांवर बसून एका चौरस मीटरमध्ये दहा मिनिटं बघावं. चालत चालत शोधणाऱ्याला काही मिळत नाही. लाटा जड वस्तू एकत्र आणून टाकतात, म्हणून गंजके खिळे, काळी जड वाळू दिसते तिथे थांबा. तिथेच पायराइट या खनिजाचे अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांचे शंख, असतात: सोनेरी झाक, गोल वेटोळं, बहुतेक नखाएवढे ते रुपयाएवढे. घरच्या देव्हाऱ्यात शाळीग्राम असेल तर आकार ओळखीचा वाटेल. गंडकी नदीतला शाळीग्रामही अमोनाइटच. बंदुकीच्या गोळीसारखे लांबट, टोकदार दगड दिसले तर ते बेलेम्नाइट, माकुळाच्या लांबच्या नात्यातल्या प्राण्याच्या शरीरातला कठीण भाग. हे इतके मिळतात की कुणीही रिकाम्या हाती परतत नाही.

किनाऱ्यावर सुटं पडलेलं घरी न्यायला हरकत नाही. कडा खणायचा नाही. काही मोठं, हाडासारखं सापडलं तर सेंटरमध्ये दाखवा, तिथे महत्त्वाच्या सापडीची नोंद ठेवतात. लाइम रीजिसच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर ओहोटीला खडकाचा एक सपाट पट्टा उघडा पडतो, त्यात थाळीएवढे अमोनाइट जागच्या जागी रुतलेले आहेत. ते बघायचे, फोटो काढायचे, हात लावायचा, पण उकरायचे नाहीत.

एक खरी गोष्ट सांगायला हवी: जीवाश्मांचा उत्तम मोसम हिवाळा आहे, वादळानंतरचा. ऑगस्टमध्ये तुमच्याआधी शेकडो मुलांनी तोच किनारा चाळलेला असतो. उन्हाळ्यातच जाणार असाल तर अपेक्षा बेतानं ठेवा.

५. खडपातली डबकी आणि खेकडे

लाइम रीजिसच्या पूर्वेला 'ब्रॉड लेज' नावाचं खडप ओहोटीला उघडं पडतं. ओहोटीच्या तासभर आधी जा. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. हिरवं शेवाळ तेलासारखं निसरडं असतं, चप्पल घालून जाणारा पडतोच. डबक्यावर सावली न पाडता दोन मिनिटं गप्प बसलं की कोळंबी, शंखात राहणारे खेकडे, लाल समुद्रफुलं दिसू लागतात. दगड उचलला तर जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. उलट्या ठेवलेल्या दगडाखालचे जीव उन्हाने मरतात.

खेकडे गरवणं हा इथल्या मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. जागा: 'कॉब', लाइम रीजिसचा जुना दगडी धक्का. इथे भरती लागते, कारण धक्क्याखाली पाणी हवं. लागणारं सामान: एक दोरी, टोकाला जाळीची छोटी पिशवी, पारदर्शक बादली. गळ अजिबात नको. पिशवीत मासळीवाल्याकडून मागून घेतलेलं माशाचं डोकं घाला. दोरी तळापर्यंत सोडा, पाच मिनिटं थांबा, आणि सावकाश, एकसारखी वर ओढा. झटका दिला की खेकडा सोडून देतो. बादलीत समुद्राचंच पाणी, थोडं शेवाळ, एका वेळी दहापेक्षा जास्त खेकडे नाहीत, आणि बादली सावलीत. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू संपतो, गर्दी झाली की ते एकमेकांचे नांगे तोडतात. तासाभरात सगळे पाण्यात सोडा. कालवणाचा विचार मनात आणू नका, हे खेकडे अंगठ्याएवढ्या मांसाचेही नसतात.

कॉबच्या वरच्या भिंतीला कठडा नाही, आणि ती समुद्राकडे उतरती आहे. वारा असेल किंवा दगड ओले असतील तर मुलांना खालच्या वाटेनेच न्या.

६. पाण्यात उतरताना

वाळू हवी असेल, तर एक दिवस वेमथला जा. किनारा उथळ आणि रुंद आहे, लहान मुलं कंबरेएवढ्या पाण्यापर्यंत बरीच आत जाऊ शकतात, आणि शेजारी सपाट पदपथ असल्याने व्हीलचेअर चालते. तिसरा जॉर्ज राजा १७८९ मध्ये प्रकृतीसाठी समुद्रस्नान करायला इथेच आला होता. त्याउलट वेमथच्या पश्चिमेचा चेझिल बीच, २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध, फक्त बघायचा. तिथे किनारा एकदम खोल जातो आणि परतणारी लाट माणसाला ओढते. पोहायचं नाही.

पाणी गार असतं, ही गोष्ट भारतातून येणाऱ्याला सांगूनही पटत नाही. ऑगस्टमध्ये ते साधारण १६ ते १८ अंश असतं, मे महिन्यात त्याहून चार-पाच अंश कमी. अचानक उडी मारली की श्वास अडकतो आणि पहिल्या दीड मिनिटात तोंडात पाणी जातं. म्हणून हळूहळू उतरा. मुलांना पूर्ण बाह्यांचा वेटसूट घाला, तो भाड्यानेही मिळतो. कुणी अडचणीत आलंच तर हातपाय मारू नयेत. डोकं मागे टाकून कान पाण्यात, हातपाय पसरून तरंगत राहावं, श्वास ताळ्यावर आला की मग हाक मारावी. किनाऱ्यावरच्यांनी ९९९ लावून 'कोस्टगार्ड' मागायचं.

झेंडे: लाल-पिवळा म्हणजे जीवरक्षक आहेत, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहा. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. काळा-पांढरा चौकडीचा म्हणजे सर्फिंग आणि होड्यांची जागा. नारिंगी वाऱ्याची पिशवी उभी केली असेल तर फुगवलेली खेळणी पाण्यात नेऊ नका. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो तेव्हा काठाचं पाणी अगदी शांत दिसतं, आणि तेच फसवं. फुगवलेला बदक मुलासकट मिनिटभरात लांब जातो.

वाळूत ओहोटीला 'वीव्हर' नावाचा मासा पुरून बसतो. त्याच्या काट्यावर पाय पडला तर जोरदार कळ येते. पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवा, कळ उतरते. पाण्यातही बूट घातले तर ही वेळच येत नाही.

७. खाणं

फिश अँड चिप्स घेताना शाकाहारी मंडळींनी दोन प्रश्न विचारायलाच हवेत: तळण कशात, आणि चिप्सची कढई माशांपेक्षा वेगळी आहे का. काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. विचारलं तर राग धरत नाहीत, रोजचाच प्रश्न आहे. पुडा हातात आल्यावर भिंतीला पाठ लावून बसा. इथले सीगल मागून येतात आणि भजी हिसकावणाऱ्या माकडाइतकेच निर्लज्ज असतात.

मांसाहारी असाल तर उन्हाळ्यात कॉबवरून मॅकरल पकडायला तासाभराच्या बोटफेऱ्या निघतात. मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, तेल जास्त. पकडल्या दिवशीच साफ करून, हळद-मीठ-चिंच लावून शेकला तर कॅराव्हॅनमधली संध्याकाळ सार्थकी लागते. बर्फाची पिशवी मात्र बोटीवर न्या, हा मासा फार लवकर खराब होतो.

८. पावसाचा दिवस

एक दिवस पाऊस पडणार, हे धरूनच चला. तेव्हा नॉर्डनहून स्वॉनेजपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी घ्या, वाटेत कॉर्फ कॅसल लागतो. १६४६ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने हा किल्ला जिंकून सुरुंगाने फोडला. आजोबा सह्याद्रीत भटकलेले असतील तर १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या कशा तोडल्या ते नातवंडांना इथेच सांगतील. मुलांना यंत्रांची आवड असेल तर बव्हिंग्टनचं रणगाडा संग्रहालय एक अख्खा दिवस खातं.

९. परतताना

सापडलेले अमोनाइट गोड्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, म्हणजे मीठ निघून जाईल. मग पूर्ण वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दमट हवेत ते हळूहळू आम्ल सोडतं, वर पांढरी-पिवळी भुकटी येते आणि वेटोळं फुटतं. आजी-आजोबा एखादा पुण्या-मुंबईला नेणार असतील तर जूनच्या आधी डबीचं झाकण बंद आहे ना ते बघायला सांगा, आणि पुड्या दर वर्षी बदला.